म्युनिकला येतोयस? बॅगांचं नंतर, आधी पत्त्याचं बघ

तू विचारलंयस की मार्चमध्ये जर्मनीत म्युनिकला जॉइन करतोयस, ब्लू कार्डचा (म्हणजे शिकलेल्या परदेशी नोकरदारांसाठीचा) व्हिसा आलाय, तर बायकोला आणि तीन वर्षांच्या मुलीला बरोबरच आणू की मागून बोलावू, घर फर्निश्ड घेऊ की रिकामं, आणि बॅगेत काय काय भरू. दादा म्हणालास म्हणून सरळ अरेतुरे करतो. गंमत म्हणजे बॅगेवर तू आठ ओळी लिहिल्यायस आणि घरावर एकच. नऊ वर्षांपूर्वी मीही हेच केलं होतं, मसाल्यांचं वजन ग्रॅमवर करत बसलो होतो आणि राहणार कुठे हे विमानात बसेपर्यंत धड ठरलं नव्हतं.

इथे सगळं पत्त्यावर अडतं बाबा. घरात राहायला गेलास की दोन आठवड्यांत आनमेल्डुंग करायचं, म्हणजे ब्युर्गरब्युरोत, आपल्या भाषेत नगरपालिकेच्या ऑफिसात, जाऊन मी अमुक पत्त्यावर राहतो अशी नोंद करायची. भाडेकरार दाखवून भागत नाही, घरमालकाने सही केलेला वेगळा फॉर्म लागतो, त्याचं नाव वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग, पाठ करायला जाऊ नकोस, मोबाईलवर फोटो ठेव आणि मालकाला दाखव. ही नोंद झाली की टॅक्स नंबर, रेसिडेन्स कार्ड, मुलीच्या किटाचा (म्हणजे पाळणाघर-बालवाडीचा) अर्ज अशी पुढची गाडी सुरू होते. अपॉइंटमेंट लगेच मिळेलच असं नाही, त्यामुळे घर पक्कं झालं की त्याच दिवशी साईटवर जाऊन स्लॉट बघ, सकाळी लवकर बघितलं तर रद्द झालेले स्लॉट सापडतात.

म्हणून माझं मत, पहिले तीन महिने फर्निश्ड घे, महाग पडलं तरी चालेल, पण पैशांचं बोलायच्या आधी एकच विचार, इथे आनमेल्डुंग करता येईल ना? मालक 'बघू', 'नंतर सांगतो' करायला लागला की ते घर सोडून दे, कितीही छान असू दे. आणि घर न बघता, कुणी ओळखीचं जाऊन न बघता, एक युरोही पाठवायचा नाही. मी परदेशात आहे, चावी कुरियरने पाठवतो म्हणणारे सगळे चोर.

आता माझा किस्सा. मला एका घरात पोटभाडेकरू म्हणून खोली मिळाली, नोंदही झाली, मी खुश. तीन आठवडे गेले तरी टॅक्स नंबरचं पत्र येईना. पहिला पगार आला आणि स्लिप बघून पोटात गोळा आला, नंबर नाही म्हणून पेरोलवाल्यांनी सहाव्या टॅक्स क्लासने कापला होता, ज्यात सगळ्यात जास्त कापतात. कारण काय, तर खाली लेटरबॉक्सवर मूळ भाडेकरूचं आडनाव होतं आणि माझं नव्हतं. इथे बहुतेक बिल्डिंगमध्ये फ्लॅटला नंबरच नसतो, पोस्टमन आडनाव बघून पत्र टाकतो, नाव नाही दिसलं की पत्र परत. मग बॉलपेनने आडनाव लिहून पट्टी कापली, सेलोटेप लावला, पत्र पुन्हा मागवलं, तेव्हा आलं. जास्तीचे पैसे नंतर मिळाले, पण ज्या महिन्यात डिपॉझिट भरायचं होतं त्याच महिन्यात ते अडकले. तेव्हा चावी हातात आली की आधी लेटरबॉक्सवर आणि बेलवर नाव लाव, चहा नंतर पी.

डिपॉझिटवरून आठवलं, कायद्याने ते जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमीटेइतकं, आणि तीन समान मासिक हप्त्यांत भरायचा हक्क आहे तुला, हे आपणहून कुणी सांगत नाही. काल्टमीटे म्हणजे नुसतं भाडं, वार्ममीटे म्हणजे त्यात हीटिंग, पाणी, कचरा वगैरे धरून. वीज आणि इंटरनेट बहुतेक वेळा त्याच्याही वर. आणि नोंद झाल्यावर काही दिवसांनी रेडिओ-टीव्हीच्या फीचं पत्र येईल, घरटी महिन्याला १८.३६ युरो, टीव्ही असो नसो. मला ते फसवणुकीचं वाटलं, मी दोन पत्रं फाडून टाकली, तिसऱ्यात दंड लावून आलं.

रिकाम्या घराच्या मागे लगेच लागू नकोस हे सांगतोय त्याचं अजून एक कारण आहे, रिकामं म्हणजे इथे खरंच रिकामं. बऱ्याच घरांत किचन नसतं, म्हणजे ओटा, सिंक, शेगडी काही नाही, भिंतीतून नळाचं नुसतं तोंड बाहेर आलेलं आणि छतातून दोन वायरी लोंबतायत, दिवासुद्धा आपणच आणायचा. आधीचा भाडेकरू त्याचं किचन तुला विकायला बघतो, ते परवडत असेल तर घेऊन टाक, डोकेदुखी वाचते. शिवाय घरमालक शूफा मागतात, म्हणजे तुझ्या उधारीचा इतिहास, आणि नव्या माणसाचा इतिहास कुठून येणार. तीन पगाराच्या स्लिपा हातात आल्या की मग मोठं घर शोधायला निघ, तेव्हा लोक निदान मेलला उत्तर तरी देतात.

बायको-मुलीचं म्हणशील तर तू एकटा पुढे ये, सहा ते आठ आठवडे. वहिनी चिडतील, माझीही चिडली होती, अजून ऐकवते. पण तीन वर्षांचं पोर घेऊन थंडीत ऑफिसांच्या रांगा करणं तिच्यासाठीच त्रासाचं आहे. तू ब्लू कार्डवर असल्यामुळे त्यांना व्हिसासाठी जर्मन परीक्षेची अट नाही आणि आल्यावर नोकरीही करता येते. तरी भाषा दोघांनीही सुरू करा, कारण पर्मनंट रेसिडेन्सी तुला ए१ वर (म्हणजे जर्मनची अगदी पहिली पातळी) २७ महिन्यांनी मिळू शकते आणि बी१ (मधली पातळी) असेल तर २१ महिन्यांनी. किटासाठी मात्र पत्ता मिळाल्या मिळाल्या अर्ज टाक, मूल वर्षाचं झाल्यावर त्याला जागेचा कायदेशीर हक्क आहे हे खरं, पण हक्क असणं वेगळं आणि जागा मिळणं वेगळं.

हेल्थ इन्शुरन्स सरकारी पद्धतीचाच घे. त्यात वहिनींची कमाई नसेल तर त्या आणि मुलगी दोघी तुझ्या हप्त्यातच बसतात, वेगळं काही भरावं लागत नाही. एजंट तुला प्रायव्हेटचा स्वस्त आकडा दाखवेल, तो आकडा तुझ्या एकट्याचा असतो, बायको-मुलीचा हप्ता वेगळा, आणि एकदा तिकडे गेलास की परत येणं फार अवघड.

अजून एक, इथला दरवाजा ओढला की आपोआप लागतो आणि बाहेरून चावीशिवाय उघडत नाही. मी एका रविवारी कचरा टाकायला पायमोज्यांवर खाली उतरलो, मागे खट्ट आवाज आला, आणि संपलं. फोन आत, चावी आत, जिन्यात तासभर बसलो, शेजारच्या आजींनी लॉकवाल्याला फोन लावून दिला आणि त्याने रविवारचा भाव लावला. दुसरी चावी ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेव.

बॅगेचं आता थोडक्यात. जन्माचे, लग्नाचे, डिग्रीचे ओरिजिनल आणि त्यांची जर्मन भाषांतरं हँडबॅगेत, चेक-इनमध्ये नाही. सपाट तळाचा कुकर. तीन पिनवाले प्लग इथे बसत नाहीत, चारपाच अडॅप्टर आण. जाड जॅकेट इथेच घे. तिकडचं लायसन इथे राहायला लागल्यापासून सहा महिनेच चालतं, भाषांतर जोडून, पुढे लेखी आणि गाडीची दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात, त्यामुळे गाडीचा विचार सध्या सोड.

आणि तू शनिवारी रात्री साडेआठला उतरणारं तिकीट काढलंयस. बव्हेरियात, म्हणजे म्युनिकच्या राज्यात, दुकानं आठला बंद होतात आणि रविवारी उघडतच नाहीत, स्टेशनवरची आणि एअरपोर्टवरची थोडीफार सोडली तर. तारीख बदलता येत असेल तर सोमवार-मंगळवार बघ, नाहीतर एअरपोर्टवरूनच दूध, ब्रेड आणि टॉयलेट पेपर घेऊन नीघ.