सेकंड-हँड वन सिरीज बघतोयस तर

नवी वन सिरीज ही ‘खरी बीएमडब्ल्यू’ नाही, हे तुला पुण्यात चार जण तरी ऐकवतील. मुद्दा खरा आहे: 2004 पासून ही हॅचबॅक रिअर-व्हील ड्राइव्ह होती, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या चाकांना जायची; 2019 च्या पिढीपासून फ्रंट-व्हील झाली, ताकद पुढच्या चाकांना. पण तेवढ्यावरून आपल्याकडे 2013 मध्ये आलेलं जुनं मॉडेल उचलू नकोस. त्यात इंजिन गाडीच्या लांबीत बसवलंय, ताकद पोचवणारा शाफ्ट मागच्या चाकांपर्यंत जातो, त्यामुळे मागच्या सीटवर मधे बसणाऱ्याच्या पायात भला मोठा उंचवटा येतो. आई-बाबांना मागे बसवूनच टेस्ट ड्राइव्ह घे. मला त्या स्टीअरिंगचा तोल मनापासून आवडतो, कात्रज घाटात तो जाणवतोही; रोजच्या हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये मात्र त्याचा उपयोग शून्य.

टायर नीट बघ. कडेला ‘आरएससी’ असेल तर ते रन-फ्लॅट, म्हणजे पंक्चर झाल्यावरही थोडं अंतर चालणारे: खड्ड्यात कडक, बदलायला महाग, आणि अशा गाडीत बऱ्याचदा स्टेपनी नसते. तिथेच चार आकडी कोड असतो, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. टायर जुने निघाले तर चारही टायरचे पैसे किमतीतून कमी करून घे.