जपानी आयात गाडीतला रेडिओ ९० च्या पुढे जात नाही. एफएम बँड एक्सपांडर लावावा का?

लावा, पण विकत घेण्याआधी कागद-पेन घेऊन पाच मिनिटं वजाबाकी करा.

तुम्ही लिहिलंय की ऑकलंडला येऊन दोनच महिने झालेत, जपानहून आलेली २०१० ची गाडी घेतलीत, रेडिओ ७६ ते ९० एवढाच फिरतो आणि दुकानदार म्हणतो, "एक्सपांडर टाका, सगळं लागेल." सगळं लागत नाही. हे आधी कुणी सांगत नाही, म्हणून कित्येक जण महिनाभरात एक्सपांडरची ती डबी काढून टाकतात. डबीत दोष नसतो, निवडलेला आकडा चुकलेला असतो.

जपानमध्ये एफएमसाठी ७६ ते ९० मेगाहर्ट्झ हा पट्टा ठेवलेला होता. त्याच्या वरची ९० ते १०८ ही जागा टीव्हीच्या पहिल्या तीन चॅनेलांकडे होती. ऍनालॉग टीव्ही तिथे २०११ च्या जुलैत बंद झाला (भूकंपग्रस्त तीन प्रांतांत २०१२ च्या मार्चअखेर), त्यामुळे त्या काळातल्या गाड्यांचे रेडिओ ९० लाच थांबतात. न्यूझीलंडचा पट्टा आपल्या भारतासारखाच, ८८ ते १०८. दोघांत सामाईक जागा फक्त ८८ ते ९०. तुम्हाला सध्या ८८.६ वर माई एफएम आणि ८९.४ वर न्यूजटॉक झेडबी लागत असेल आणि बाकी नुसती खरखर, ती यामुळेच.

एक्सपांडर ही अँटेनाची तार आणि रेडिओ यांच्या मध्ये बसणारी छोटीशी डबी. आत ठरावीक फ्रिक्वेन्सीचा क्रिस्टल असतो. बाहेरून आलेला सिग्नल त्याच्याशी मिसळला की प्रत्येक स्टेशन तेवढ्या आकड्याने खाली सरकतं. डबी १६ मेगाहर्ट्झची असेल तर १०१.४ चं आरएनझेड (रेडिओ न्यूझीलंड) नॅशनल तुमच्या रेडिओवर ८५.४ ला लागेल. जोरदार स्टेशनांच्या आवाजात फरक पडत नाही, आकडा तेवढा बदलतो.

आता वजाबाकी. तुमच्या रेडिओचा पट्टा १४ मेगाहर्ट्झचा, इथला २० चा. १४ मध्ये २० मावणार नाहीत, काहीतरी सोडावंच लागतं. १२ ची डबी ८८ ते १०२ आणून देते, १४ ची ९० ते १०४, १६ ची ९२ ते १०६, १८ ची ९४ ते १०८. २० ची घेतली तर ९६ पासून सुरू होतं आणि वरचे दोन मेगाहर्ट्झ फुकट जातात. म्हणून तुम्ही खरोखर ऐकणार ती चार-पाच स्टेशनं आधी लिहून काढा आणि मगच दुकानात जा.

माझं नेमकं इथेच चुकलं होतं. मी न विचारता १४ ची घेतली. नॅशनल ८७.४ वर छान लागलं. मग साताऱ्याहून बाबा तीन महिन्यांसाठी आले. त्यांना गाडीत हिंदी गाणी हवी होती, आणि हम एफएम आहे १०६.२ वर. १४ वजा केले की ९२.२, म्हणजे माझ्या रेडिओच्या बाहेर. दुसऱ्यांदा १८ ची आणली. हम ८८.२ वर आलं, नॅशनल ८३.४ वर. पण ९२.६ चं आरएनझेड कॉन्सर्ट खाली ७४.६ वर गेलं, तेही बाहेरच. रात्री घरी परतताना मी ते शास्त्रीय संगीत ऐकत असे, त्याची चुटपुट मला अजून आहे. तरी बाबांचा चेहरा आठवला की निवड बरोबर वाटते.

आणखी दोन गोष्टी, ज्या खोक्यावर छापलेल्या नसतात. एक, क्रिस्टलच्या पटीत येणाऱ्या आकड्यावर रेडिओत शिट्टी किंवा मुकी जागा मिळते. १४ ची सहापट ८४, तर ८४ वर काही नीट लागणार नाही. १२ चीही सातपट ८४ च. १६ ची पाचपट ८०. १८ ची पाचपट मात्र ९०, अगदी काठावर, म्हणून मला १८ सगळ्यांत स्वच्छ वाटते. दोन, ८८ ते ९० मधली जोरदार स्टेशनं डबीला न जुमानता थेट आत शिरतात. ऑकलंडमध्ये १६ ची डबी लावलीत तर १०५.४ चं कोस्ट बरोबर ८९.४ वर येतं, आणि तिथे झेडबी आधीच बसलेलं आहे. शहरातल्या स्काय टॉवर या प्रक्षेपण-मनोऱ्याच्या आसपास गाडी चालवताना दोघांची झटापट ऐकू येते. तुमच्या यादीत कोस्ट असेल तर १६ नकोच.

बसवणं अवघड नाही. रेडिओ बाहेर ओढायचा, अँटेनाचा प्लग डबीत, डबीचा प्लग रेडिओत. काळी तार गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, लाल तार किल्ली फिरवल्यावरच वीज येते अशा तारेला. कायम चालू असलेल्या तारेला जोडलीत तर डबी रात्रंदिवस थोडी थोडी बॅटरी खात राहील. प्लग मात्र आधी पाहून घ्या. काही निस्सान आणि नव्या टोयोटांचे प्लग वेगळ्या आकाराचे असतात, त्यांना जोडणीचा तुकडा लागतो. मागच्या काचेत अँटेना असेल तर तिच्या ऍम्प्लिफायरलाही वीज पोचतेय ना ते बघा. जपानहून आलेल्या फोक्सवॅगनसारख्या युरोपी गाड्यांत ती वीज अँटेनाच्याच तारेतून जाते आणि मध्ये डबी आली की अडते. मग सगळंच क्षीण ऐकू येतं आणि दोष डबीवर येतो. डॅशकॅमच्या आणि यूएसबी चार्जरच्या तारांपासून डबी जरा लांब ठेवा.

माझ्या डबीची वीज तोडली की सिग्नल जसाच्या तसा पुढे जातो. म्हणून लाल तारेत एक छोटं बटण टाकलंय. बंद केलं की ८९.४ वर झेडबी, चालू केलं की बाकीची स्टेशनं.

एक काम मात्र करू नका, डबी बसवण्यासाठी बॅटरीची तार काढू नका. जपानी नॅव्हिगेशन असलेल्या बऱ्याच युनिटांत वीज गेली की ते कुलूपबंद होतं आणि जपानीत कोड मागतं. त्यासाठी माणूस शोधत फिरावं लागतं.

एएमचा विचार केलात का? जपान, भारत, न्यूझीलंड तिन्हीकडे एएमची पावलं ९ किलोहर्ट्झची, त्यामुळे तो भाग तुमच्या रेडिओत आत्ताच चालतोय. ७५६ वर नॅशनल, शिवाय १३८६ वर रेडिओ तराना आणि ९९० वर अपना ही भारतीय स्टेशनं. तुमची भूक एवढ्यावर भागत असेल तर एक डॉलरही खर्च करू नका. मी पहिलं वर्ष ७५६ वरच काढलं. सकाळी सातच्या बातम्यांआधी इथल्या एखाद्या पक्ष्याची साद लावतात. त्या वर्षी या देशाची ओळख मला तिथूनच झाली.

रेडिओच बदलावा का, असंही विचारलंय. गाडी चार-पाच वर्षं ठेवणार असाल आणि रेडिओ सुटा निघत असेल तर बदला, कारण डबीमुळे लांबची क्षीण स्टेशनं थोडी आणखी क्षीण होतातच. टोयोटात जागा २०० मिलिमीटर रुंद असते, साधा रेडिओ १७८ चा, म्हणून कडेच्या पट्ट्या बरोबर मागून घ्या. एसीची बटणं आणि रेडिओ एकाच पाटीत असतील तर मात्र डबीच बरी.

तुमच्या एखाद्या मित्राने अलीकडची गाडी घेतली तर त्याचं गणित वेगळं. डिसेंबर २०१४ पासून जपानने एएम स्टेशनांना ९० ते ९५ मध्ये एफएमची जागा दिली, त्यामुळे त्यानंतरचे बरेच रेडिओ ९५ पर्यंत जातात. त्यांना १२ ची डबी लावली की ८८ ते १०७ मिळतं, म्हणजे हमही आणि कॉन्सर्टही.