वर्षभर टायमिंग तिथंच: स्प्रिंट पोहणाऱ्या मुलीच्या घरची काळजी

“अकराव्या वर्षी ५० मीटर फ्रीस्टाइलला ३६ सेकंद लागायचे. तेराव्या वर्षी २९.८१. आता चौदावं सरत आलंय आणि वर्षभर २९.९ ते ३०.४ च्या मध्येच घुटमळतेय. सराव तोच, कोच तेच, पहाटे उठणं तेच. तिचं मन उडालंय का?”

स्पर्धेत पोहणाऱ्या मुलांचे आईवडील हा प्रश्न जवळपास याच शब्दांत विचारतात. मुलगा असेल तर वर्ष-दोन वर्षं उशिरा. पुढची हकिकत अशा अनेक घरांच्या अनुभवांतून एकत्र गुंफलेली आहे, त्यामुळे ही मुलगी नेमकी कोणाची, हे कोणी शोधत बसू नये.

माझ्याकडे समुपदेशनाला येताना आईने एक वही आणली होती. प्रत्येक स्पर्धेची तारीख, वेळ, क्रमांक. पण वहीत दोन रकाने नव्हते: तलाव २५ मीटरचा की ५० चा, आणि वेळ टचपॅडवर (भिंतीवरची, हात लागताच वेळ नोंदवणारी पट्टी) नोंदली की हातातल्या स्टॉपवॉचवर. २५ मीटरच्या तलावात मध्ये एक टर्न येतो आणि भिंतीला पायाने दिलेल्या रेट्यामुळे तीच मुलगी तिथे जास्त वेगवान दिसते. हाताने घेतलेली वेळही सहसा कमी भरते, कारण सुरुवातीचा इशारा कानावर पडल्यावर बटण दाबेपर्यंत क्षण निघून जातो, आणि टच मात्र समोर येताना दिसत असतो, त्यामुळे तिथे बोट उशीर करत नाही. हे दोन रकाने भरल्यावर कळलं की घरात अजूनही कौतुकाने सांगितली जाणारी एक उडी, महिन्याभरात सव्वा सेकंद, निव्वळ तलाव बदलल्यामुळे आलेली होती. २९.८१ मात्र खरे होते, ५० मीटरच्या तलावातले आणि टचपॅडवरचे. तुलना त्यांच्याशीच करायची असं ठरलं.

मग ३६ वरून २९.८ वर ती कशी आली? मुलींची उंची सर्वांत झपाट्याने वाढते ती सरासरी बाराव्या वर्षाच्या आसपास, मुलांची चौदाव्याच्या आसपास. ज्यांची ही वाढ लवकर होते, ती मुलं त्या वयोगटात हातभर पुढे असतात. लांब हात, मोठे तळवे, वाढलेली ताकद यांतून पोहण्यात विशेष बदल न करताही सेकंद उतरतात. वाढ मंदावली की ही फुकटची मिळकत थांबते, आणि ज्यांची वाढ उशिरा झाली त्या मुली मागून येऊन शेजारच्या लेनमध्ये दिसू लागतात. घरच्यांना वाटतं आपली मागे पडली. आईसमोर एक साधी वजाबाकी ठेवली: ३६ वरून २९.८ म्हणजे साधारण सहा सेकंद कमी झाले. स्वीडनच्या सारा स्योस्ट्रॉमने २०२३ मध्ये याच शर्यतीत २३.६१ सेकंदांचा विश्वविक्रम केला. म्हणजे इथून त्या विक्रमापर्यंतचं अख्खं अंतरसुद्धा सहाच सेकंदांचं आहे. यापुढे दशांश मोजायचे आणि तेही महिन्यांच्या हिशेबाने. आई बराच वेळ वहीकडे बघत बसली.

तरीही “वाढ थांबली, होतं असं” एवढं सांगून घरी पाठवणं हा आळशीपणा ठरला असता. वर्षभर एकही दशांश न हलणं याला शरीराचं कारण असू शकतं, आणि मनाकडे वळण्याआधी ते बघायलाच हवं. त्यासाठी मुलीशी एकटीशी बोलणं झालं. आधी दोघींसमोर स्पष्ट केलं होतं की तिने सांगितलेलं तिच्या परवानगीशिवाय आईला कळणार नाही. जिवाला धोका किंवा कोणाकडून त्रास असेल, तेवढाच अपवाद. कोणी मोठी व्यक्ती तिला एकटीला थांबवून घेते का, रात्री मेसेज करते का, मसाज कोण करतं, हे प्रश्न प्रत्येक खेळाडू मुलाला विचारायचे असतात, संशय असो वा नसो. इथे तसं काही नव्हतं.

उजवा खांदा मात्र दुखत होता, काही महिन्यांपासून. कोणालाच सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं तर स्पर्धा चुकेल. पॅडल (सरावात तळहाताला बांधायच्या प्लास्टिकच्या चकत्या) घातले की जास्त दुखायचा, आणि किकबोर्ड पुढे धरून लांबलचक किक मारतानाही. दोन्ही खुणा बोलक्या आहेत: पॅडलमुळे तळहातावर पाण्याचा भार वाढतो आणि तो थेट खांद्यावर येतो, किकबोर्ड धरताना खांदा ताणलेल्या अवस्थेत मिनिटंच्या मिनिटं अडकून राहतो. उंची वाढताना हातांची लांबी बदलते, पण स्ट्रोक जुन्याच मापाने चालू राहतो. हात डोक्यासमोरची मधली रेषा ओलांडून पलीकडे पडू लागला की प्रत्येक खेचीला खांदा दाबला जातो. ती नेहमी एकाच बाजूला श्वास घ्यायची, त्याचीही यात भर.

झोप साडेसहा तास. या वयाला ८ ते १० तास लागतात. पाळी नियमित होती, ते बरं झालं. ती सलग तीन महिने चुकली असती तर समुपदेशन बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठावा लागला असता, कारण कष्टाच्या मानाने खाणं कमी पडत असल्याची ती मोठी खूण असते. वजनाबद्दल तलावावर कोणी काही बोललं का, असं विचारल्यावर ती गप्प झाली. मग म्हणाली, “काठावर सगळ्यांसमोर वजन करतात.” तिच्या संमतीने हे आईला सांगितलं, आईने कोचना, आणि ती पद्धत बंद झाली. खांद्यासाठी फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. तोपर्यंत पॅडल बंद, किक हात अंगालगत ठेवून.

यानंतर शर्यतीचे तुकडे. हे काम खरं तर कोचचं, पण मुलीच्या मनात काय चाललंय याचा पुरावाही इथेच सापडतो, म्हणून परवानगी घेऊन कोचनाच मोबाइलवर चित्रीकरण करायला सांगितलं: तलावाच्या बाजूला, १५ मीटरच्या खुणेच्या रेषेत उभं राहून. लेनच्या दोरीवर १५ मीटरला वेगळ्या रंगाचा फ्लोट असतो आणि भिंतीपासूनचे शेवटचे ५ मीटरही वेगळ्या रंगाचे असतात, त्यामुळे माप घेणं सोपं जातं. डोकं १५ मीटरच्या रेषेवर येईपर्यंतचा वेळ, तिथून ४५ मीटरपर्यंतचा, आणि शेवटच्या ५ मीटरचा. मधल्या टप्प्यात सलग तीन पूर्ण स्ट्रोकना (उजवा हात ते पुन्हा उजवा हात, हा एक) किती वेळ लागला ते मोजायचं आणि तीनने भागायचं.

जुन्या २९.८१ च्या शर्यतीचं चित्रीकरण वडिलांकडे होतंच. तेव्हा एका स्ट्रोकला १.११ सेकंद लागत होते आणि त्यात ती १.८० मीटर सरकत होती. आता एका स्ट्रोकला ०.९९ सेकंद आणि सरकणं १.६० मीटर. भागाकार करून बघा: दोन्हीकडे वेग सेकंदाला १.६२ मीटर. हात जास्त वेगाने फिरतायत, पण प्रत्येक हाताला पाणी कमी लागतंय, आणि तितक्याच वेगासाठी ती आता जास्त दमतेय. अंगात उंची वाढलेल्या मुलीचं अंतर वाढायला हवं होतं, ते घटलं होतं. दुखरा खांदा पाणी पूर्ण खेचू देत नव्हता, त्यात “जोर लाव, हात फिरव” हा स्टँडमधून येणारा धोशा.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटली. सरावात डाइव्ह मारून १५ मीटर ती ७.७ सेकंदांत गाठायची. शर्यतीत ८.१. उडी मारायचा तोच ब्लॉक, तेच पाणी. चित्रीकरण हळू करून पाहिलं तर सरावात ती पाण्याखाली पाच डॉल्फिन किक (दोन्ही पाय जोडून मारलेली लाथ) मारून साडेदहा मीटरच्या आसपास वर येत होती. शर्यतीत तीन किकनंतरच आठ मीटरवर डोकं बाहेर, आणि पहिल्याच स्ट्रोकला श्वास. डाइव्हनंतर पाण्याखालून जाताना वेग सर्वांत जास्त असतो. तिथून लवकर वर येणं म्हणजे हातातला वेग सोडून देणं. आणि पहिल्या स्ट्रोकला डोकं वळवलं की कंबर खाली जाते, उरलेलाही जातो. चार दशांश इथेच गळत होते, आणि घरात मात्र वर्षभर चर्चा शेवटच्या दहा मीटरची.

वर लवकर का येतेस, असं विचारल्यावर तिचं उत्तर होतं, “बाकीच्या कुठे आहेत ते बघायला.”

इथून मनाचं काम सुरू होतं. ती ब्लॉकवर चढते तेव्हा शेजारच्या लेनची आणि स्टँडची शर्यत डोक्यात चालू असते. वडील स्टँडमधून स्वतः वेळ घेतात. टच झाल्यावर ती बोर्डाकडे बघत नाही, वडिलांच्या चेहऱ्याकडे बघते. “बोर्डाच्या आधी कळतं,” असं तिचं म्हणणं. परतीच्या प्रवासात गाडीत शर्यतीची चिरफाड. वडिलांचा हेतू वाईट मुळीच नाही, पण गाडीत मुलाला उठून जाता येत नाही, हे मोठ्यांच्या ध्यानात येत नाही.

घरच्यांशी तीनच गोष्टी ठरवल्या, कारण दहा ठरवल्या तर एकही टिकत नाही. स्टँडमध्ये स्टॉपवॉच न्यायचं नाही. हवं तर चित्रीकरण करायचं, पण ते कोचना द्यायचं. शर्यतीच्या दिवशी वेळेचा विषय तिने काढला तरच निघेल. इतर मुलींचे निकाल घरात वाचून दाखवायचे नाहीत. वडिलांना पहिली गोष्ट सर्वांत जड गेली. “मग मी तिथे बसून करू काय?” असं त्यांनी विचारलं, आणि तो प्रश्न प्रामाणिक होता.

मुलीसाठी सहा आठवडे वेळेचं लक्ष्य काढून टाकलं. त्याऐवजी पाच किक, डोकं खाली, तिसऱ्या स्ट्रोकपर्यंत श्वास नाही. शर्यत संपली की एवढंच तपासायचं. ब्लॉकवर मनात म्हणायला तिने स्वतः दोन शब्द निवडले: “पाच. लांब.” शब्द तिचेच हवेत, मोठ्यांनी सुचवलेली वाक्यं धडधडत्या छातीला आठवत नाहीत. शर्यतीआधी थांबण्याच्या जागेत हेडफोन लावून एका कोपऱ्यात बसण्यापेक्षा ती एका मैत्रिणीशी गप्पा मारत बसली तर बरी राहते, हेही तिनेच शोधलं.

धडधड उतरवायला चार आकडे श्वास आत, सहा आकडे बाहेर, असं चार-पाच वेळा, ब्लॉकवर जाण्याच्या बऱ्याच आधी. एक गोष्ट इथे बजावून सांगावीच लागते: स्प्रिंट पोहणारी मुलं पाण्याखाली जास्त टिकावं म्हणून डाइव्हआधी भराभर खोल श्वास घेतात. त्याने प्राणवायूचा साठा फारसा वाढत नाही. रक्तातला कार्बन डायऑक्साइड तेवढा निघून जातो, आणि श्वास घ्यावासा वाटण्याची सूचना त्याच्यावरच अवलंबून असते. सूचना न मिळताच पाण्याखाली शुद्ध हरपते. श्वास रोखून लांब जाण्याच्या पैजा आणि एकट्याने केलेला पाण्याखालचा सराव कायमचा बंद.

आईचे बाकीचे प्रश्न पटापट निकालात निघाले. कोच बदलू का? जो कोच चित्रीकरण करून देतो आणि वजनाची पद्धत एका सांगण्यावर थांबवतो, त्याला बदलण्याचं कारण दिसत नाही. जादा वैयक्तिक सराव लावू का? साडेसहा तास झोपणाऱ्या मुलीचा आणखी एक तास कुठून काढणार? शिवाय दमलेल्या अंगाने पोहलेलं अंतर स्प्रिंटला हळू पोहायलाच शिकवतं. १५ ते २५ मीटर पूर्ण वेगाने, मध्ये दोन-तीन मिनिटांची खरी विश्रांती, असे सहा-आठ तुकडे जास्त कामाचे. ते कोचनी आठवड्यात दोनदा घातले. महागडा रेसिंग सूट? संपूर्ण अंगाचे पॉलियुरेथेनचे सूट २०१० पासून बंद झाले, आणि २००९ मधले त्या सुटांतले काही विक्रम त्यानंतर दशकभराहून जास्त टिकले, यावरून सूट काय करू शकत होते ते कळतं. आजच्या सुटांत तसं काही नाही. आठ मीटरवर वर येणारी मुलगी कोणत्याही सुटात आठ मीटरवरच वर येईल.

एक प्रश्न मात्र रेंगाळला. “तो पोपोविच सतराव्या वर्षी विश्वविक्रम करतो, मग हिचं वय निघून नाही का चाललं?” रोमानियाच्या डेव्हिड पोपोविचने २०२२ मध्ये १०० मीटर फ्रीस्टाइल ४६.८६ सेकंदांत पोहून विक्रम केला, तेव्हा तो सतराचाच होता, खरं आहे. पण स्योस्ट्रॉम बघा: २००९ मध्ये पंधराव्या वर्षी १०० मीटर बटरफ्लायची विश्वविजेती, २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्याच शर्यतीत चौथी, आणि २०२४ मध्ये पॅरिसला तिसाव्या वर्षी ५० आणि १०० फ्रीस्टाइल दोन्हींत सुवर्ण. ऑस्ट्रेलियाचा कॅमरन मॅकेव्हॉय २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये १०० मीटरचा दावेदार मानला जात होता, अंतिम फेरीत सातवा आला; पुढे सराव पार बदलला, पाण्यातलं अंतर कमी केलं, ताकदीवर भर दिला, आणि पॅरिसमध्ये ५० मीटरचं सुवर्ण जिंकलं, तोही तिशीत. स्प्रिंट ताकदीवर चालते आणि ताकद उशिरा येते. ही उदाहरणं दिल्यावर आईला धीर आला, तरी लगेच हेही सांगितलं की ही माणसं जगातली मूठभर आहेत. चौदा वर्षांच्या मुलीच्या घरात त्यांची नावं रोज घ्यायची नसतात, हुरूप द्यायलाही नाही.

नव्या पद्धतीची पहिली स्पर्धा ३०.१२ ला संपली. १५ मीटर मात्र ७.८ सेकंदांत आणि डोकं वर आलं ते दहा मीटरवर. पुढचे ३५ मीटर खांदा जपत पोहल्यामुळे वेळ वाढली. घरी थोडी निराशा होती, मुलीला नव्हती, कारण तिची तपासायची यादी पूर्ण झाली होती. खांदा शांत झाल्यावर स्ट्रोक पुन्हा १.०८ सेकंदांवर आणि १.७८ मीटरवर आला, आणि त्यानंतरच्या स्पर्धेत २९.४४. तिने आता ५० बटरफ्लायचंही नाव दिलंय. कोचचं मत आहे की खांद्याला अजून एक हंगाम द्यावा, तिचं मत आहे की नाही. फिजिओथेरपिस्टला विचारून तिघांनी बसून ठरवायचं आहे. वडील स्टँडमध्ये हल्ली स्कोअरबोर्डाच्या उलट्या टोकाला बसतात. स्टॉपवॉच खिशात असतं, असं मुलगी म्हणते.