‘मला संशोधन जमणार नाही’ हे कशावरून?

गेल्या चार-पाच वर्षांत एकच काळजी माझ्या समुपदेशनाच्या खोलीत इतक्या वेगवेगळ्या तोंडांनी बोलली गेली आहे की तिच्याविषयी सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटू लागले. बालवाडीत, अंगणवाडीत किंवा एखाद्या शाळेच्या छोट्या शिशुवर्गात दहा-बारा वर्षे मन लावून काम केलेल्या स्त्रिया पुढच्या पदवीसाठी नाव घालतात, तासांना नियमाने बसतात, परीक्षाही देतात आणि लघुप्रबंधापाशी येऊन थबकतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा काळ हा शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानल्यापासून माझ्याकडे येणाऱ्यांमध्ये त्यांची संख्या वाढली आहे. शब्द जवळपास तेच असतात : ‘मुलांमध्ये मी रमते, मॅडम, पण रिसर्च हे माझं काम नाही. ते माझ्या डोक्यावरून जातं.’

मेधाताई (नाव आणि ओळखीचे तपशील अर्थातच बदलले आहेत) अशाच आल्या. वय अडतीस, सिंहगड रस्त्याच्या बाजूला एका बालवाडीत बारा वर्षे काम, घरात दहावीतला मुलगा आणि आजारी सासूबाई. त्यांचा संशोधन आराखडा तीनदा परत आला होता. पहिला विषय होता, ‘पूर्वप्राथमिक शिक्षणाचा बालकाच्या सर्वांगीण विकासावर होणारा परिणाम’. त्यावर ‘व्याप्ती फार मोठी’ एवढाच शेरा होता. दुसऱ्या खेपेला त्यांनी शीर्षकात ‘तुलनात्मक अभ्यास’ हे शब्द घातले, तिसऱ्या खेपेला नमुना दोनशे मुलांचा केला. तिन्ही वेळा कागद परत आले आणि नेमके काय बदलायचे ते कोणी समजावून सांगितले नाही. जाऊबाईंनी घरात सहज म्हटले होते, ‘एवढ्याशा पोरांवर कसलं आलंय संशोधन?’ ते वाक्य आराखड्यावरच्या शेऱ्यापेक्षा खोल रुतले होते.

पहिल्या भेटीत त्या सलग बोलत होत्या आणि मी त्यांच्या बोलण्यातला ‘च’ मोजत होते. विषय नवाच हवा, नमुना मोठाच हवा, आकडेवारी आलीच पाहिजे. माझी जडणघडण अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून मांडलेल्या विवेकनिष्ठ विचारसरणीत झाली असल्यामुळे हा ‘च’ माझ्या कानाला लगेच टोचतो. माणसाला खचवणारी गोष्ट पुष्कळदा घडलेल्या प्रसंगापेक्षा त्या प्रसंगाभोवती आवळलेल्या अशा हट्टी अक्षरांत असते, असे माझे अनेक वर्षांच्या कामानंतरचे ठाम मत आहे.

‘तुम्हाला संशोधन जमत नाही, हे कशावरून?’ मी विचारले.

‘तीनदा परत आलं ना, मॅडम.’

‘तीनदा आराखडा परत आला. जमत नाही, हे तुम्ही त्यावरून ठरवलंत.’

त्यांनी मान हलवली. त्यांच्या बुद्धीला ते पटले, पण मन जागचे हलले नाही. पुढच्या दोन भेटींतही आम्ही याच वर्तुळात फिरत राहिलो. योग्य वाक्य योग्य वेळी उच्चारले की माणूस बदलतो, असे समुपदेशनाविषयी अनेकांना वाटते. माझा अनुभव तसा नाही. पटलेली गोष्ट हाताने करून पाहिल्याखेरीज आपली होत नाही.

वाट सापडली ती चौथ्या भेटीत, दुसऱ्याच विषयावर बोलताना. मेधाताईंच्या वर्गात साडेचार वर्षांचा एक मुलगा होता. त्याला आपण यश म्हणू. ‘पाच महिने झाले, तोंडातून शब्द नाही. लाजाळू आहे. घरी लाड फार, म्हणून असेल,’ त्या म्हणाल्या. काल तो काय करत होता, असे मी विचारले. ‘गप्पच होता. घाबरट आहे तसा.’ मी पुन्हा विचारले की तो कुठे बसला होता, हातात काय होते, कोणाकडे पाहत होता. यावर त्या थांबल्या आणि म्हणाल्या, ‘ते नाही आठवत.’

मी त्यांना एक काम दिले. चार दिवस, रोज दहा मिनिटे, मुक्त खेळाच्या वेळी वर्ग मावशींकडे सोपवून बाजूला बसायचे. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारायची. डाव्या अर्ध्यात वेळ घालून फक्त डोळ्यांना दिसलेले आणि कानांना ऐकू आलेले लिहायचे. लाजाळू, हट्टी, हुशार, खूश यांपैकी एकही शब्द तिथे येता कामा नये. आपल्या मनात जे येईल त्यासाठी उजवा अर्धा भाग मोकळा ठेवायचा. ‘हे संशोधनासाठी आहे का?’ त्यांनी धास्तावून विचारले. मी सांगितले की हे यशसाठी आहे.

पुढच्या आठवड्यात त्या वही घेऊन आल्या आणि माझ्या विनंतीवरून एक पान मोठ्याने वाचू लागल्या. ते पान मला जवळजवळ पाठ आहे.

‘दहा बारा. यश खिडकीखाली. हातात भातुकलीचं पातेलं. शेजारच्या मुलीला म्हणतो, यात मीठ नाही. दहा तेरा. मुलगी मूठ उघडून पातेल्यावर धरते. यश म्हणतो, बास बास, खारट होईल. दहा चौदा. मी जवळ गेले. विचारलं, काय केलंस रे, भात की खिचडी? यश पातेल्यात बघतो. मी म्हटलं, खिचडी ना? छान! दहा पंधरा. यश पातेलं खाली ठेवतो, उठून जातो.’

वाचता वाचता त्यांचा आवाज मंद होत गेला. ‘खिचडी ना’ या शब्दांवर त्या अडल्या, मागे गेल्या आणि त्या दोन ओळी त्यांनी पुन्हा मनातल्या मनात वाचल्या. अशा क्षणी समुपदेशकाला काहीतरी सुचवावेसे वाटते. मी गप्प राहिले, आणि त्या दिवशी मी केलेले सर्वांत चांगले काम तेच होते, असे मला आजही वाटते.

बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, ‘मी विचारलं आणि मीच उत्तर दिलं.’ मग, ‘तो बोलत नाही असं नाहीये. मी जवळ असले की बोलत नाही.’ मग वही उलटून, दुसऱ्या दिवशीचे पान बोटाने शोधत, ‘नाही, तसंही नाही. मंगळवारी मी शेजारीच बसून मणी ओवत होते, तेव्हा तो माझ्यादेखत बोलला. मी प्रश्न विचारला की तो गप्प होतो.’

‘मेधाताई, आत्ता तुम्ही एक विधान केलंत, नोंदीशी ताडून पाहिलंत, चुकलं म्हणून बदललंत, पुन्हा ताडलंत आणि पुन्हा बदललंत. तुमच्या अभ्यासक्रमात याला काय म्हणतात?’

त्यांनी उत्तर दिले नाही. पर्समधून पेन काढले आणि चारही दिवस कोऱ्या राहिलेल्या उजव्या अर्ध्या पानावर त्या लिहू लागल्या. आमची वेळ संपली तरी त्या लिहीत होत्या, आणि मी त्यांना लिहू दिले.

त्या संध्याकाळी घरी जाताना मला जे उमगले ते असे. ‘यश लाजाळू आहे’ आणि ‘मला संशोधन जमत नाही’ ही दोन्ही एकाच जातीची वाक्ये आहेत. दोन्हींत काही प्रसंगांवरून अख्ख्या माणसावर शिक्का मारलेला आहे, आणि शिक्का बसला की पाहणे थांबते. कृतीचे मोल करा, संपूर्ण व्यक्तीचे करू नका, हा एलिस यांचा आग्रह मी शेकडो वेळा समजावून सांगितला असेल. बालशिक्षणातल्या संशोधनाची पहिली शिस्तही तीच आहे, हे मात्र मला मेधाताईंच्या वहीने दाखवले. मुलावरचा शिक्का काढायला ज्या हाताला शिकवले, त्याच हाताने स्वतःवरचा शिक्काही निघतो.

यानंतर काम वेगाने पुढे गेले. इथून पुढचे मी या वाटेवरच्या प्रत्येकीसाठी लिहिते आहे.

विषय शोधायला ग्रंथालयात जाण्याआधी आपल्या वर्गात, आपल्याला रोज खटकणाऱ्या जागी जावे. मेधाताईंचा ‘सर्वांगीण विकास’ आकसत आकसत एका प्रश्नावर आला : भातुकलीच्या खेळात शिक्षिका उत्तर आधीच माहीत असलेले प्रश्न किती विचारते, आणि विचारल्यावर मुलाला बोलायला किती वेळ देते? हा प्रश्न हाती आल्यावर वाचनालाही दिशा मिळाली. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात दाखवून दिले होते की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात, आणि हा थांबा तीन सेकंदांपर्यंत वाढवला की मुलांची उत्तरे लांबतात व गप्प राहणाऱ्यांची संख्या घटते. तिचे वर्ग प्राथमिक शाळेतल्या विज्ञानाचे होते, बालवाडीचे नव्हते. हा फरक मेधाताईंनी स्वतः टिपला, आणि आपल्या अभ्यासाची गरज कोणती याचे उत्तर त्यांना तिथेच मिळाले.

त्याच दशकात मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन या मानसशास्त्रज्ञांनी केलेला एक प्रयोग मी अशा प्रत्येकीला सांगते. समान सोंगट्यांच्या दोन ओळी मांडल्या, मोठ्या माणसाने एक ओळ पसरवली आणि पुन्हा विचारले, की बरीच लहान मुले म्हणतात, लांब ओळीत जास्त आहेत. बालमनाचे स्विस अभ्यासक जाँ पियाजे यांनी यावरून मुलांच्या विचाराची मर्यादा मांडली होती. या दोघांनी ओळ पसरवण्याचे काम एका खोडकर अस्वलाच्या बाहुलीकडून ‘चुकून’ करवले, तेव्हा कितीतरी अधिक मुलांनी दोन्हींत सारख्याच असल्याचे सांगितले. मोठी माणसे मुद्दाम काही करून तोच प्रश्न पुन्हा विचारत असतील, तर त्यांना वेगळे उत्तर हवे असणार, असा अर्थ मूल लावते, हे त्याचे एक स्पष्टीकरण आहे. चार वर्षांच्या मुलासमोर प्रश्नावली घेऊन बसण्याआधी हे आठवावे. आपण विचारण्याची पद्धतही मिळालेल्या माहितीचाच भाग असते.

‘मुलं फारच थोडी आहेत’ ही भीती वारंवार ऐकू येते. पियाजे यांनी बाल्यावस्थेतल्या बुद्धीविषयी जे पायाभूत लिखाण केले त्याचा आधार त्यांची स्वतःची तीन मुले होती. अर्थात, सहा मुलांच्या खोल नोंदींवरून ‘पुणे शहरातील बालके’ असे विधान करता येत नाही, आणि ते न करणे हाच प्रामाणिकपणा आहे. संख्या वाढवून आराखडा भारदस्त करण्यापेक्षा विधान लहान ठेवणे मला केव्हाही अधिक शास्त्रीय वाटते.

आकडेवारीविषयी थोडेच सांगते. अशा अभ्यासात मोजणी, शेकडेवारी आणि सरासरी बरेच अंतर नेते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याच खेळाची नोंद दुसऱ्या एखाद्या शिक्षिकेने स्वतंत्रपणे करावी आणि दोघींच्या नोंदी ताडून पाहाव्यात. पन्नासपैकी बेचाळीस ठिकाणी एकमत झाले तर ते ८४ टक्के, एवढे गणित आपल्यापैकी कोणालाही येते. योगायोगाने जुळलेल्या नोंदी वगळण्यासाठी कोहेन यांचा कप्पा गुणांक आहे. तो शिकायला एक दुपार पुरते आणि तो समजावून देणारा माणूस मिळतो. मदत मागणे म्हणजे न जमणे नव्हे.

एक गोष्ट मात्र सावधपणे सांगायला हवी. नोंदी म्हणजे निदान नव्हे. एखादे मूल घरी मोकळेपणी बोलत असूनही शाळेत कोणाशीच बोलत नसेल, आणि शाळा सुरू होऊन रुळण्याचा पहिला महिना उलटल्यावरही ते तसेच चालू राहिले, तर पालकांशी बोलून त्याला तज्ज्ञांना दाखवावे. तिथे आपल्या लघुप्रबंधाची वाट पाहू नये.

जाऊबाईंच्या प्रश्नाचे उत्तर मेधाताईंनी आपल्या प्रस्तावनेत दिले. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक या बालशिक्षणतज्ज्ञांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला, आणि १९४५ पासून ताराबाईंनी बोर्डी या समुद्रकाठच्या गावात काम मांडले, तेव्हा वस्तीतली मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसले. मुले आळशी, पालक अडाणी, असा शिक्का मारून त्यांना थांबता आले असते. त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. १९७५ साली एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाल्यावर ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर गेला, त्याच्या मुळाशी ‘मूल का येत नाही’ हा नीट पाहिलेला प्रश्न आहे. एवढ्याशा पोरांवरचे संशोधन ते हेच, असे मेधाताईंनी लिहिले आणि ते पान घरी मोठ्याने वाचून दाखवले.

आराखडा चौथ्या खेपेला मंजूर झाला. पालकांची लेखी संमती त्यांनी संध्याकाळी दारोदार जाऊन, प्रत्येक घरी अर्धा तास बसून घेतली. मुलांचा होकार कसा घ्यायचा, यावर आमचे बरेच बोलणे झाले. कायद्याने सही आई-वडिलांची असते, पण ज्याचे बोलणे आपण लिहून घेणार आहोत त्याला विचारल्याशिवाय लिहू नये, आणि नाही म्हणण्याची मुभा त्याला रोज नव्याने असावी, हे माझे म्हणणे त्यांना पटले होते.

शेवटच्या भेटीत त्यांनी नवी वही दाखवली. पहिल्या दिवशी त्या यशजवळ जमिनीवर बसल्या होत्या आणि त्याला म्हणाल्या होत्या, ‘तू खेळताना जे बोलतोस ते मी या वहीत लिहिलं तर चालेल का?’ त्यानंतर त्या थांबल्या होत्या. किती वेळ, ते त्यांनी मोजले नव्हते. यशने वही हातात घेतली, पाने उलटली, परत दिली आणि म्हणाला, ‘आज नको, ताई. उद्या.’

त्या पानावर फक्त तारीख आहे.