तिशी ओलांडल्यावर माणसाचा स्वभाव बदलतो का, की ‘स्वभावाला औषध नाही’ हेच खरं?

तुम्ही लिहिलंय, भाऊ बत्तीसचा झाला तरी धांदरटच, आता काय सुधारणार! मी स्वतः असाच धाकटा भाऊ आहे, म्हणून लिहितो.

आम्ही बेळगावातल्या वडगावचे, घरात विणकामाचे माग. दादा लाईट बिलं तारेत ओवून ठेवायचा, सालवार. मी पीयूसीच्या (म्हणजे कर्नाटकातली अकरावी-बारावी) परीक्षेला हॉल तिकीटच घरी विसरलो. दादा सायकल मारत घेऊन आला. एका खोलीत वाढलेले दोघे असे कसे? जुळ्यांवरच्या अभ्यासांत दिसतं की माणसामाणसांतल्या स्वभावाच्या फरकापैकी साधारण ४० ते ५० टक्के आनुवंशिक असतो, आणि एकाच घरात वाढल्याचा वाटा अगदी किरकोळ. (आईला हे पटत नाही. तिच्या मते सगळा दोष आजोबांच्या लाडाचा.)

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सने १८९० मध्ये म्हटलं होतं की तिशीपर्यंत स्वभाव प्लॅस्टरसारखा घट्ट होतो. ते पुढे टिकलं नाही. मानसशास्त्रज्ञ ब्रेंट रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये, त्याच माणसांना वर्षानुवर्षं तपासणारे ९२ अभ्यास एकत्र केले. २० ते ४० या वयात लोक सरासरीने जास्त शिस्तीचे आणि शांत होतात, असं निघालं. नोकरी, संसार अंगावर पडला की हे होतं, असं एक स्पष्टीकरण. ६२ देशांच्या तुलनेतही जिथे पोरं लवकर कामाला लागतात, तिथे ही समज लवकर आलेली दिसली. आमच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत अठराव्या वर्षी लेथवर उभी राहणारी पोरं बघून मला ते खरं वाटतं. अर्थात तो काही पुरावा नव्हे.

पण मेख अशी: माणसं शिस्तीप्रमाणे रांगेत उभी केली, तर वयाबरोबर सगळी रांग पुढे सरकते, रांगेतले नंबर फारसे हलत नाहीत. लहानपणी जास्त हलतात, मोठेपणी बरेच कमी. म्हणजे भाऊ सुधारेल, पण तुमच्याइतका होईलच असं नाही.

आणि औषधाचं म्हणाल तर २०१७ च्या एका आढाव्यात २०७ अभ्यास तपासले. सरासरी २४ आठवड्यांच्या मानसोपचाराने स्वभावात मोजता येईल इतका फरक पडला, सर्वांत जास्त चिंता-अस्वस्थतेच्या बाबतीत. धांदरटपणावर मात्र थोडाच.

मी आता एकोणचाळीसचा. दोन वर्षांत साड्यांची एकही ऑर्डर उशिरा गेली नाही, हिशेब वहीत असतो. तरी रात्री दादा येऊन शटरचं कुलूप ओढून बघतो. यंदा दोनदा ते उघडं सापडलंय.