पहिली नवी गाडी : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

दसरा-दिवाळी जवळ आली की या सदराकडे गाडीविषयीची पत्रं वाढतात. या वेळी घरात पहिल्यांदाच कोरी गाडी आणणाऱ्यांची पत्रं निवडली आहेत.

प्रश्न : दसऱ्याला गाडी घरी आणायची आहे. शोरूमवाले म्हणतात, "यार्डात येऊन बघायची गरज नाही, त्या दिवशी चकाचक करून, हार घालून देऊ." नेमकं काय बघायचं आणि कधी? (एक वाचक, बारामती)

बघायचं ते पासिंगच्या आधी. आरटीओत नोंदणी झाली की ती गाडी तुमच्या नावावर चढते. मग दारावर ओरखडा दिसला तरी गाडी बदलून मिळणं जवळपास अशक्य, फार तर रंगाचा हात मारून मिळतो. म्हणून पूर्ण रक्कम भरण्याआधी आपल्याला दिलेल्या गाडीचा चासी नंबर (प्रत्येक गाडीचा स्वतंत्र ओळख क्रमांक) लेखी मागा, व्हॉट्सॲपवर आला तरी चालेल, आणि तीच गाडी यार्डात जाऊन बघा. साडेतीन मुहूर्तांना शोरूममधून ओळीने गाड्या बाहेर पडत असतात, त्या गर्दीत बोनेट उघडून दाखवायला कुणालाच सवड नसते. मुहूर्त चावी घेण्यासाठी राखून ठेवा. तपासणी चार-आठ दिवस आधी, सकाळच्या उजेडात करा. गाडी धुतलेली पण पूर्ण कोरडी असू द्या, ओल्या किंवा नुकत्याच पॉलिश केलेल्या पत्र्यावर बारीक चरे दिसत नाहीत.

आधी गाडीचं वय. चासी नंबर सतरा अक्षर-अंकांचा असतो आणि बहुतेक कंपन्यांत त्यातलं दहावं अक्षर वर्षाचं असतं : 'आर' म्हणजे २०२४, 'एस' म्हणजे २०२५, 'टी' म्हणजे २०२६. महिन्याच्या अक्षराची जागा कंपनीगणिक वेगळी, ती शोरूमकडून विचारून घ्या. दोन-तीन महिन्यांपूर्वी बनलेली गाडी बिनधास्त घ्या. सात-आठ महिने उन्हापावसात उभी असलेली मात्र नको. तिची बॅटरी उतरलेली असते, टायर एकाच जागी दबून सपाट होतात, उंदरांनी वायरी कुरतडलेल्या असू शकतात. शिवाय आरसीवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापलं जातं. डिसेंबरात बनलेली गाडी जानेवारीत घेतली, तर विकताना गिऱ्हाईक ती एक वर्ष जुनीच धरतं. अशी गाडी घ्यायचीच असेल तर सवलत घसघशीत हवी.

मग पत्रा. गाडीच्या कोपऱ्याशी खाली वाका आणि बाजूने तिरकस नजर टाका. पत्र्यात पडलेलं आभाळाचं किंवा ट्यूबलाइटचं प्रतिबिंब दारांवरून सलग जायला हवं. ते एखाद्या ठिकाणी वाकलं किंवा संत्र्याच्या सालीसारखं खडबडीत दिसलं, तर तिथे रंगकाम झालेलं असण्याची शक्यता आहे. खात्री करायला दाराच्या रबराची कड नखाने थोडी उचला. आत रंगाची रेघ किंवा फवाऱ्याचे ठिपके सापडले तर संशय खरा. बोनेट आणि पुढचे फेंडर (पुढच्या चाकांवरचे पत्रे) ज्या बोल्टांनी बसवलेले असतात त्यांच्या डोक्यांवरचा रंग अखंड हवा. पान्याचे ओरखडे असतील तर तो भाग काढून परत बसवलेला आहे. रंगाची जाडी मोजायचं यंत्र मिळालं तर उत्तमच. कारखान्यातला रंग साधारण ९० ते १५० मायक्रॉन भरतो, एकाच दारावर आकडा अचानक दुप्पट झाला तर कारण विचारा. सगळ्या काचांवर एकाच कंपनीचा शिक्का असतो, त्यातली एकच वेगळी दिसली तर ती बदललेली असू शकते. ब्रेकच्या डिस्कवर मात्र तांबूस गंज दिसला तर घाबरू नका, चार वेळा ब्रेक मारले की तो निघून जातो.

टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. '३२२५' म्हणजे २०२५ सालचा ३२वा आठवडा. पाचही टायरांच्या तारखा गाडीच्या तारखेच्या थोड्या आधीच्या हव्यात. वाहतुकीसाठी हवा बरीच जास्त भरलेली असते. ती तशीच राहिली तर गाडी दगडासारखी आदळते आणि मालक सस्पेन्शनला दोष देतो. चालकाच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतो, त्यावरच्या आकड्याइतकी हवा करून घ्या. मीटरवर ५०-६० किलोमीटर असणं गैर नाही. दोन-अडीचशे असतील तर ती टेस्ट ड्राइव्हला फिरली का, ते विचारा. इंजिन बंद असताना बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. १२.४च्या खाली असेल तर चार्ज करून नव्हे, बदलून मागा.

शेवटी गाडी चालू करून एसी, चारही काचा, वायपर, कॅमेरा आणि प्रत्येक दिवा तपासा. चालू केल्यावर काही सेकंदांत सगळ्या इशाऱ्याच्या खुणा विझायला हव्यात. स्टेपनी, जॅक, पाना, टोइंगचा हूक आणि दोन्ही चाव्या समोर ठेवून घ्या. जे खटकेल त्याचा फोटो काढा आणि त्याच दिवशी मेल करा. तोंडी आश्वासनाचा पुढे उपयोग होत नाही.

प्रश्न : साडेआठ लाखांची पेट्रोल गाडी ऑन-रोड साडेदहाच्या वर सांगतात. यातलं खरं किती? (एक शिक्षिका, नाशिक)

कोटेशन एका ओळीत घेऊ नका, फोड मागा. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावरच्या पेट्रोल गाडीला एक्स-शोरूम किमतीवर, म्हणजे नोंदणी, रोड टॅक्स आणि विमा धरण्याआधीच्या किमतीवर, एकरकमी कर लागतो : १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांना १२, त्यावर १३. डिझेलला हेच १३, १४ आणि १५ टक्के. म्हणजे तुमच्या ८,५०,०००च्या गाडीचा कर ९३,५०० रुपये. याशिवाय नोंदणीची फी ६०० रुपये, कर्ज असेल तर आरसीवर कर्जाचा बोजा चढवण्याचे १,५०० आणि आरसी कार्डाचे किरकोळ पैसे. विमा आणि फास्टॅग धरला तरी हा हिशोब साडेदहाच्या बराच आत राहतो.

उरलेली रक्कम कुठे गेली ते शोधा. 'हँडलिंग' किंवा 'लॉजिस्टिक' नावाची ओळ दिसली तर काढायला सांगा, तो सरकारी आकार नाही. ॲक्सेसरीजचं पॅकेज, एक्स्टेंडेड वॉरंटी, टेफ्लॉन कोटिंग हे सगळं ऐच्छिक आहे. त्यातली वॉरंटी तेवढी विचार करण्याजोगी, बाकीचं नंतर बाहेर स्वस्तात होतं. २२ सप्टेंबर २०२५पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर जीएसटी १८ टक्के झाला आहे. त्याआधीच्या दरपत्रकावर कुणी हिशोब मांडत असेल तर थांबवा. गाडी १० लाखांच्या वर गेली तर शोरूमवाले एक टक्का टीसीएस (विक्रीच्या वेळीच गोळा होणारा आयकर) घेतात. तो खर्च नाही, रिटर्न भरताना तुमच्या करात वळता होतो, फक्त बिलावर पॅन नंबर बरोबर पडू द्या.

प्रश्न : विमा शोरूमचाच घ्यावा लागतो का? आमच्या गल्लीत दर पावसाळ्यात गुडघाभर पाणी साचतं. (एक वाचक, कुर्ला)

नाही. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा (तुमच्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान केलं तर त्याची भरपाई देणारा) सक्तीचा आहे, तो कुठल्याही कंपनीकडून घ्या. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा एक वर्षाचा घेतला तरी चालतो. तुलना करताना दोन्हीकडचा आयडीव्ही (गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर कंपनी देईल ती कमाल रक्कम) सारखा आहे का, ते बघा. कोऱ्या गाडीचा आयडीव्ही एक्स-शोरूमच्या ९५ टक्के असतो. तो खाली ओढून हप्ता स्वस्त दाखवणं ही जुनी युक्ती आहे.

तुमच्या गल्लीचा विचार करता झीरो डेपच्या (सुट्या भागांची घसारा न कापता भरपाई देणाऱ्या कलमाच्या) जोडीला इंजिन प्रोटेक्शन घ्याच. पाण्यात गाडी बंद पडली आणि कुणी परत स्टार्टर मारला, तर हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये पाणी खेचलं जातं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. त्यामुळे वर येणारा पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या पॉलिसीत हा खर्च बहुधा नाकारतात, कारण नुकसान पुराने नव्हे, चालू करण्याने झालं असं कंपनी म्हणते. पाण्यात बंद पडलेली गाडी चालू करूच नका. पाणी उतरल्यावर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि गाडी टो करून वर्कशॉपला न्या.

प्रश्न : वडिलांनी मारुती ८०० घेतली तेव्हा पहिले हजार किलोमीटर ती चाळीसच्या वर नेली नव्हती. मीही तसंच करू का? (एक वाचक, कोल्हापूर)

वडिलांचं त्या काळी बरोबर होतं, आजच्या इंजिनला मात्र इतकं जपण्याची गरज नाही. तेव्हाच्या इंजिनांत सिलिंडरची भिंत आणि पिस्टनच्या रिंगा एकमेकींवर घासून बसायला बराच वेळ घ्यायच्या, धातूची कणी ऑइलमध्ये उतरायची, म्हणून पहिल्या सर्व्हिसला ऑइल बदलायचे. आता सिलिंडरच्या भिंतीची घासाई, म्हणजे होनिंग, कारखान्यातच बारीक झालेलं असतं.

तरी पहिले हजार किलोमीटर शिस्त हवी, आणि ती वेगाची नव्हे, इंजिनवर टाकलेल्या जोराची. पेट्रोल इंजिन साधारण ३००० ते ३५०० आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) आत ठेवा, मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तो पाळा. एकाच वेगावर तासन्‌तास पळवू नका. घेतल्या घेतल्या पुणे-कोल्हापूर हायवेने जाणार असाल तर मधून मधून वेग बदलत राहा, रिंगा वेगवेगळ्या दाबाखाली बसल्या पाहिजेत. चाळीसच्या वेगाला पाचव्या गिअरमध्ये गचके देत नेणं हे पळवण्यापेक्षा वाईट. त्याने बेअरिंगवर ताण येतो, आणि चाळीसची मर्यादा पाळणारे नेमके तेच करतात. नव्या टायरवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या द्रव्याचा अंश असतो, त्यामुळे पहिले दीडशे-दोनशे किलोमीटर ओल्या रस्त्यावर पकड कमी वाटते. ब्रेक पॅड बसायला तीनेकशे किलोमीटर जातात, तोवर पुढच्या गाडीपासून जास्त अंतर ठेवा. पहिली सर्व्हिस बहुतेक कंपन्यांत १००० किलोमीटर किंवा एक महिना, जे आधी येईल ते. तीत ऑइल बदललं नाही म्हणून भांडू नका, तपासणी आणि बोल्ट आवळणं एवढंच तिचं काम असतं.

प्रश्न : ऑफिस आठ किलोमीटरवर. डिझेल ॲव्हरेज जास्त देते म्हणून तीच घ्यावी का? (एक वाचक, पुणे)

घेऊ नका. बीएस-६ (सध्याच्या प्रदूषण-नियमांच्या) डिझेल गाडीच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी जाळी असते, तिला डीपीएफ म्हणतात. साठलेली काजळी जाळायला सुमारे ६०० अंश तापमान लागतं आणि ते गाठायला गाडी सलग १५-२० मिनिटं, साठच्या वर चालावी लागते. शहरातल्या आठ किलोमीटरच्या खेपेत इंजिन जेमतेम तापतं. जाळण्याचं काम सुरू होतं आणि तुम्ही गाडी बंद करता. त्यासाठी सोडलेलं जादा डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं आणि डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) पातळी वाढलेली दिसते. ऑइल वाढलंय म्हणून खूश होणारे मालक असतात, पण ते पातळ झालेलं ऑइल इंजिन झिजवतं. तुमच्या वापराला पेट्रोल किंवा सीएनजी, आणि पार्किंगमध्ये चार्जर बसवता येत असेल तर इलेक्ट्रिक.

प्रश्न : समुद्राजवळ राहतो. अंडरबॉडी कोटिंग करू का? (एक वाचक, रत्नागिरी)

तुमच्याकडे हा खर्च सार्थ आहे. खाऱ्या हवेत पत्र्याचे जोड आणि चाकांच्या कमानी आधी गंजतात. फवारा मारताना उभे राहा. सायलेन्सर, ड्राइव्ह शाफ्ट, ब्रेक आणि सेन्सर झाकलेले हवेत. दारांच्या तळाला आणि उंबऱ्याच्या पत्र्याला पाणी निथळायची छिद्रं असतात, ती बुजली तर पाणी आत साठून दार आतून सडतं आणि कोटिंगचाच तोटा होतो. पावसाळ्यानंतर एकदा गाडी रॅम्पवर चढवून खालून साध्या पाण्याने धुऊन घ्या.

प्रश्न : सीट कव्हर, बंपर गार्ड, मोठा हॉर्न बसवायचा आहे. (एक वाचक, नागपूर)

पुढच्या सीटच्या कडेवर एअरबॅगचं लेबल असेल तर त्या बाजूची शिवण उसवणारी असेल असंच कव्हर घ्या, जाड बंद कव्हर एअरबॅग अडवतं. बंपर गार्ड नकोच. केंद्राने डिसेंबर २०१७मध्ये त्यावर कारवाईचे आदेश दिले आहेत, आणि धक्क्याची दिशा बदलल्याने एअरबॅग वेळेवर उघडेलच याची खात्री राहत नाही. हॉर्न रिले (जास्त करंट पेलणारा स्विच) आणि कपलर (वायर न कापता जोडणारा प्लग) वापरून बसवा. मूळ वायर कापून जोड मारला तर वायरिंगचा वॉरंटी क्लेम अडतो. मॅटवर मॅट टाकू नका, वरची सरकून ब्रेकखाली अडकते.

प्रश्न : पूजेच्या कुंकवाचे डाग पांढऱ्या गाडीवर राहतात असं ऐकलं. (एक गृहिणी, सोलापूर)

राहतात. बाजारच्या कुंकवात रंग असतो, ओलं कुंकू उन्हात तापलं की तो पांढऱ्या रंगात मुरतो. स्वस्तिक बोनेटऐवजी काचेवर काढा. बोनेटवर लागलंच तर कोरड्या फडक्याने पुसू नका. आधी भरपूर पाणी ओता, मग गाडीच्या शाम्पूने त्याच दिवशी धुवा. हार तारेऐवजी दोऱ्याने बांधा आणि पुढचा कॅमेरा झाकू नका. नारळ गाडीपासून दूर, दगडावर फोडा.

चाकाखालचं लिंबू चिरडताना मात्र खरी काळजी घ्या, विशेषतः ऑटोमॅटिक गाडी पहिल्यांदा हातात येते तेव्हा. ॲक्सिलरेटर दाबू नका. गिअर 'डी'वर घेऊन ब्रेक हळू सोडला की बहुतेक गाड्या आपोआप सरकतात, लिंबाला तेवढं पुरतं. नाही सरकली तर ॲक्सिलरेटरला पाय हलकेच टेकवा आणि लगेच ब्रेकवर आणा. फोटो काढणाऱ्यांना आणि मुलांना गाडीच्या पुढून बाजूला केल्याशिवाय इंजिन चालू करू नका.