विज्ञानाची पदवी नसलेल्या ग्रंथपालाने काय शिकावे?

प्रश्न : माझी पदवी इतिहासाची असून त्यानंतर मी ग्रंथालयशास्त्र शिकले. अलीकडेच माझी नेमणूक विज्ञान व अभियांत्रिकी ग्रंथालयात झाली आहे. संशोधकांची परिभाषा कळत नाही, त्यामुळे दडपण येते. आता विज्ञानाची पदवी घ्यावी का?

उत्तर : पदवीच्या मागे लागू नका. रसायनशास्त्र शिकलात, तरी पुढचा वाचक धातुशास्त्राचा प्रश्न घेऊन येणारच. त्या त्या विषयात माहितीला नाव कसे पडते आणि तिची नोंद कोठे होते, हे मात्र आपल्याला समजायलाच हवे.

रसायनशास्त्रात एकाच पदार्थाची अनेक नावे प्रचलित असतात, म्हणून शोध नावाऐवजी सीएएस (केमिकल ॲब्स्ट्रॅक्ट्स सर्व्हिस) या संस्थेने प्रत्येक पदार्थाला दिलेल्या नोंदणी क्रमांकाने घ्यावा. पाण्याचा क्रमांक ७७३२-१८-५ असा आहे. यातला शेवटचा ५ पडताळणीचा असतो. उरलेल्या अंकांना उजवीकडून अनुक्रमे १, २, ३ असे गुणत गेल्यास बेरीज १०५ येते आणि तिच्या एककस्थानी तोच ५ असतो. ही आकडेमोड एकदा स्वतः करून पाहा. क्रमांक उतरवताना झालेली चूक पुढे आपल्या नजरेतून सहसा सुटणार नाही.

पेटंटांच्या बाबतीत तर आपले ग्रंथालयशास्त्राचे शिक्षणच उपयोगी पडते. दाव्याची व्याप्ती मोठी राहावी म्हणून अर्जात पुष्कळदा ‘पेन’ऐवजी ‘लेखनसाधन’ असा शब्द योजलेला असतो, आणि केवळ ‘पेन’ हा शब्द शोधणाऱ्याच्या हातून अशी पेटंटे निसटतात. आंतरराष्ट्रीय पेटंट वर्गीकरणातील ‘बी४३के’ या लेखनसाधनांच्या उपवर्गात मात्र ती सापडतात. वर्गांकाची सवय असलेल्या ग्रंथपालाला हे काम अभियंत्यापेक्षाही लवकर साधते, असे मला मनापासून वाटते.

मानकांच्या बाबतीत आवृत्ती चालू आहे की रद्द झाली आहे, हे प्रत्येक वेळी तपासावे. संशोधनविदेचे, म्हणजे संशोधनात जमा होणाऱ्या माहितीचे, व्यवस्थापन नंतर सावकाश शिकता येईल.

प्रशिक्षणवर्ग जरूर करा, परंतु त्याआधी एखाद्या संशोधकाचा खराखुरा प्रश्न घेऊन त्याच्या शेजारी बसा. ‘या पदार्थाविषयी सगळे हवे’ असे म्हणणाऱ्याला अनेकदा ठराविक तापमानाची विद्राव्यताच, म्हणजे तेव्हा तो किती विरघळतो एवढीच माहिती, हवी असते. ती कशासाठी, हे मोकळेपणाने विचारा आणि न कळलेल्या शब्दाचा अर्थही त्याच्याकडूनच समजून घ्या. कोणते शब्द वापरले, कोठे शोधले आणि काय हाती लागले नाही, हे वहीत लिहीत जा. पुढच्या वेळी तशाच प्रश्नावर शोध कोठून सुरू करायचा, ते या वहीतच सापडेल.